झाकला की तिरळा, उघडला की सरळ: डोळे सरळ धरतं कोण?

प्रश्न थोडक्यात असा. गुहागरजवळ राहणाऱ्या एका आईची आठ वर्षांची मुलगी आहे. किनाऱ्यावर लांब बघताना, ताप आल्यावर किंवा शाळेतून दमून आल्यावर तिचा डावा डोळा बाहेर सरकतो. उन्हात ती तोच डोळा मिटून घेते. दोन्ही डोळ्यांची नजर ६/६ आहे, चष्म्याचा नंबर नाही. डॉक्टरांनी डोळा झाकला तेव्हा तो चांगलाच बाहेर गेला. उघडल्यावर तिने पापणी लववली आणि डोळा जागेवर आला. आईचं म्हणणं रास्त आहे: स्नायू अधू असेल तर तो कायम अधू हवा, झाकल्यावरच कसा? दुसरं म्हणजे नणंदेच्या मुलाचा डोळा आत वळतो, पण चष्मा लावला की सरळ. चष्मा स्नायूला काय करतो? आणि मुलीचं ऑपरेशन करायचं, की व्यायामाने भागेल?

स्नायू अधू नाही. हे घरीही दिसतं. उजवा डोळा झाकून डाव्या डोळ्यासमोर ४० सेंटिमीटरवर पेन धरा आणि ते सावकाश डावीकडे, उजवीकडे, वर, खाली न्या. डोळा चारही बाजूंना शेवटपर्यंत जात असेल तर त्याचे सहा स्नायू आणि ते चालवणाऱ्या तीन नसा आपलं काम करताहेत. नस निकामी झालेली असेल तर एका ठरावीक दिशेला डोळा अडकतो आणि त्याच बाजूला बघताना तिरळेपणा वाढतो. तुमच्या मुलीच्या वर्णनात तसं काही नाही.

मग झाकल्यावर काय होतं? डोळे सरळ असणं ही त्यांची विश्रांतीची अवस्था नव्हे. कवटीतल्या दोन खोबण्याच मुळी बाहेरच्या दिशेला उघडतात. जागेपणी मेंदू डोळ्यांना सतत आत ओढून धरतो, आणि किती ओढायचं हे तो दिसण्यावरूनच ठरवतो. दोन्ही डोळ्यांकडून आलेली चित्रं तो सारखी ताडून बघतो. ती थोडीशी जरी सरकलेली आढळली, तरी सेकंदाच्या साधारण पाचव्या भागात दुरुस्तीची आज्ञा निघते आणि सेकंदाभरात डोळे जुळतात. या जुळवण्याला फ्युजन म्हणतात. एक डोळा झाकला की ताडून बघायला दुसरं चित्रच उरत नाही, चूक कळत नाही, दुरुस्ती थांबते, आणि डोळा आपल्या विश्रांतीच्या जागी जातो. डॉक्टरांना झाकून तेच बघायचं होतं. थोडाफार सरकणारा डोळा तर बहुतेक सगळ्यांचाच असतो. फरक आहे तो किती सरकतो आणि फ्युजन त्याला किती वेळ धरून ठेवतं यात.

हे मोजायचं एकक प्रिझम डायॉप्टर. एक प्रिझम म्हणजे एका मीटरवर एक सेंटिमीटर सरकणं. निरोगी माणूस लांबचं बघताना साधारण १५ ते २० प्रिझमपर्यंतचा बाहेरचा कल आत ओढून भरून काढतो. उलट बाजूने, म्हणजे आत वळू पाहणारा डोळा बाहेर ढकलून, तो जेमतेम ६ ते ८ प्रिझम भरतो. वरखालीचा फरक मात्र २-३ प्रिझमच्या पुढे झेपत नाही. बाहेर जाणारा डोळा वर्षानुवर्षं अधूनमधूनच का जातो आणि आत वळणारा लवकर कायमचा का वळतो, याचं निम्मं उत्तर या आकड्यांत आहे.

आता समुद्र. डोळे आत ओढण्याचे चार मार्ग १८९३ साली ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ मॅडॉक्स यांनी मांडले, आणि ते अजून कामाला येतात: जागेपणाचा मूळ ताण, वस्तू जवळ आहे ही जाणीव, जवळचं स्पष्ट दिसावं म्हणून डोळ्यातलं भिंग फुगवताना आपोआप येणारी ओढ, आणि फ्युजन. क्षितिजाकडे बघताना मधले दोन मार्ग बंद होतात, कारण तिथे काहीच जवळ नसतं. उरतं फ्युजन. पण डावी-उजवी चूक ओळखायला त्याला उभ्या कडा लागतात: माडाचं खोड, खांब, दाराची चौकट. क्षितिजाची रेघ आडवी असते. ती आपल्याच लांबीत सरकली तर काय सरकलं हे कळायला मार्ग नाही, आणि वर-खाली नुसतं पाणी आणि आभाळ. त्याच मुलीला वाडीत माडांकडे बघायला सांगा, बहुतेकदा डोळा जास्त वेळ टिकेल. उन्हात एक डोळा मिटणं हे या प्रकारच्या तिरळेपणाचं नेहमीचं लक्षण आहे. तिला दोन-दोन दिसत असेलच असं नाही. रुंद काठाची टोपी द्या, तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

झाकून लगेच मोजलं तर कोन कमी भरतो, कारण ताडून बघून दुरुस्त करण्याच्या या फेऱ्याला वेगवेगळ्या गती आहेत. फ्युजन सेकंदात चालतं. पण तीच दुरुस्ती वारंवार लागू लागली की मेंदू मूळ ताणच त्या बाजूला वाढवून ठेवतो, म्हणजे दर वेळी नव्याने कष्ट नकोत. हे मिनिटांत घडतं आणि झाकल्यावर उतरायलाही वेळ घेतं. म्हणून ऑपरेशनपूर्वीचं माप घेताना एक डोळा अर्धा ते एक तास पट्टीने बंद ठेवतात आणि पट्टी काढताना दोन्ही डोळे क्षणभरही एकत्र उघडे राहणार नाहीत याची काळजी घेतात. मूल पट्टीच्या फटीतून डोकावलं तर तास वाया. पट्टीआधी जवळचं माप १२ आणि लांबचं २५ प्रिझम असलेलं मूल पट्टीनंतर दोन्हीकडे २५ भरतं, असं वरचेवर होतं. हे केल्याशिवाय ऑपरेशनचे मिलिमीटर ठरवणं घाईचं. सगळ्यात संथ फेरा स्नायूचाच: डोळा महिनोन्महिने एका स्थितीत राहिला की स्नायू त्या लांबीला जुळवून घेतात, एका बाजूचा आखूड होतो, दुसरीकडचा लांबतो. म्हणजे स्नायूचा दोष बऱ्याचदा कारण नसून परिणाम असतो.

इथे एक प्रश्न हमखास येतो: स्नायू स्वतः मेंदूला ‘मी कुठे आहे’ हे कळवत नाही का? कळवतो. डोळ्याच्या स्नायूंत ताण ओळखणारी मज्जातंतूंची टोकं आहेत. पण गुडघ्यावर ठोकल्यावर पाय उडतो तसा झटपट प्रतिसाद डोळ्यांत नाही. डोळा कुठे वळलाय हे मेंदू मुख्यतः स्वतःच्याच आज्ञेच्या नोंदीवरून धरून चालतो. एक डोळा मिटा आणि दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यावर, पापणीवरून, बोटाने अगदी हलकं दाबा. सगळी खोली हलल्यासारखी वाटेल. डोळा सरकला, पण आज्ञा गेली नव्हती, म्हणून मेंदूने ठरवलं की खोलीच हलली. स्नायूकडून येणारी माहिती दिवसांच्या हिशेबाने होणाऱ्या जुळणीत उपयोगी पडते, क्षणोक्षणीच्या सरळपणात तिचा वाटा थोडा. डोळे गरागरा फिरवण्याचे आणि ज्योतीकडे टक लावण्याचे व्यायाम या तिरळेपणात निरुपयोगी ठरतात ते यामुळेच. त्यात स्नायू हलतो, पण दोन चित्रांतली चूक दाखवून ती सुधारायला लावणारं काही नसतं.

आता खरी अडचण. डोळा बाहेर असताना तुमच्या मुलीला दोन समुद्र दिसायला हवेत. दिसत नाहीत, कारण लहान मेंदू सरकलेल्या डोळ्याचं चित्र दाबून टाकतो. याला सप्रेशन म्हणतात. त्याने त्रास वाचतो, पण चूक सांगणारी खबरही बंद होते. खबर नाही म्हणून डोळा जास्त वेळ बाहेर, आणि बाहेर राहिला म्हणून दाबण्याची सवय पक्की. ह्युबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांजरीच्या पिल्लांचे डोळे लहानपणीच तिरळे करून दाखवलं होतं की दोन्ही डोळ्यांना मिळून प्रतिसाद देणाऱ्या मेंदूतल्या पेशी फार कमी उरतात. तुमच्या मुलीच्या बाजूने एक मोठी गोष्ट आहे: तिचे डोळे दिवसातला बराच वेळ सरळ असतात, म्हणजे या पेशी वापरात आहेत.

वर्थचे चार दिवे या चाचणीत हे उघड दिसतं. उजव्या डोळ्यावर लाल काच, डाव्यावर हिरवी. समोर एक लाल, दोन हिरवे, एक पांढरा दिवा. दोन्ही डोळे मिळून बघत असतील तर मूल ‘चार’ म्हणतं. ‘दोन लाल’ म्हणालं तर डावा दाबलेला, ‘तीन हिरवे’ म्हणालं तर उजवा. ‘पाच’ म्हणजे दोन-दोन दिसतंय. हातातला दिवा ३३ सेंटिमीटरवर धरला की साधारण ६ अंशांचा भाग व्यापतो, ६ मीटरवरचा जेमतेम सव्वा अंश. तुमच्या मुलीसारखी मुलं जवळ ‘चार’ आणि लांब ‘दोन लाल’ म्हणतात, तेव्हा समजायचं की लांबवर चित्र दाबलं जातंय. मुलं हुशार असतात, पहिलं उत्तर बरोबर ठरलं की पुढे तेच सांगत राहतात. म्हणून ‘किती दिवे’ विचारण्याआधी ‘कोणकोणते रंग’ हे विचारावं, आणि मध्येच एक डोळा झाकून उत्तर बदलतं का हे पाहावं.

याच्या जोडीला डोळा किती ताब्यात आहे याचे गुण लिहावेत, ० ते ५. आधी झाकाझाकी न करता ३० सेकंद लांबचं बघायला लावायचं. पूर्ण वेळ बाहेर असेल तर ५, निम्म्याहून जास्त वेळ ४, निम्म्याहून कमी ३. अजिबात गेला नाही तर एक डोळा १० सेकंद झाकून उघडायचा, असं तीनदा, आणि सगळ्यात वाईट निकाल धरायचा: सरळ व्हायला ५ सेकंदांहून जास्त लागले तर २, एक ते पाच सेकंद लागले तर १, लगेच झाला तर ०. जवळचे गुण वेगळे लिहायचे. हे गुण काढायला घरी झाकून बघू नका. तुम्ही फक्त मोबाइलवर छोटे व्हिडिओ घ्या, सकाळी एक आणि शाळेनंतर एक, पंधरवड्यातून एकदा. रोज ‘इकडे बघ, डोळा सरळ कर’ असं म्हणत राहिलात तर मुलगी तुमच्यासमोर ताण देऊन डोळा धरेल आणि नोंद खोटी पडेल.

उपचारात पहिली पायरी म्हणजे येणारं चित्र सुधारणं. थेंब घालून नंबर पुन्हा तपासा. एका डोळ्यात अर्ध्या-पाऊण नंबरचा फरक किंवा थोडा सिलिंड्रिकल असला तरी अशा मुलीला तो द्यावा, कारण एक चित्र धूसर असलं की ताडून बघणं बिघडतं. मुद्दाम जास्त मायनस देण्याची पद्धतही आहे: उणे २.५० च्या काचेतून बघायला भिंग अडीच डायॉप्टर (चष्म्याच्या नंबराचं एकक) फुगवावं लागतं, आणि दर डायॉप्टरला ४ प्रिझम धरले तर १० प्रिझमची आतली ओढ फुकट मिळते, २५ चा कल १५ वर येतो. पण २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत ताबा चष्मा असेपर्यंतच सुधारला, चष्मा काढल्यावर फायदा उरला नाही, आणि मुलांचा मायनस नंबर मात्र जास्त वाढला. नंबर नसलेल्या आठ वर्षांच्या मुलीला मी तो देणार नाही.

दिवसातून काही तास पट्टी लावल्याने दाबण्याची सवय थोडी मोडते. ती नाही लावली तरी आभाळ कोसळत नाही: ३ ते १० वर्षांच्या मुलांत नुसतं लक्ष ठेवलं तर तीन वर्षांत ठळकपणे बिघडणारी साधारण शंभरात पंधरा निघाली. लावायचीच तर चेहऱ्यावर चिकटणारी, चष्म्याच्या काचेवर नव्हे, आणि शाळेतून आल्यावर पंख्याखाली. कोकणातल्या घामात पट्टी तासाभरात सुटते आणि खाली पुरळ येतो. कपाळ-गाल आधी साध्या पाण्याने पुसून कोरडा करा, तेल-पावडर नको.

पेन्सिल नाकाजवळ आणण्याचा व्यायाम हा जवळचं वाचताना डोळे आत न येण्यावरचा आहे. त्या दुखण्यातही ऑर्थोप्टिस्टच्या (डोळे जुळवण्याचे व्यायाम करून घेणाऱ्या तज्ज्ञाच्या) देखरेखीखाली १२ आठवडे केलेला व्यायाम घरच्या पेन्सिलीपेक्षा बराच सरस ठरला आहे. लांबवर सरकणाऱ्या डोळ्याला त्याचा उपयोग बेताचाच. मोबाइलवरचे ‘तिरळेपणा घालवा’ छापाचे खेळ मुलीला फारसं नुकसान करणार नाहीत. पण ज्या मोठ्या माणसाचा डोळा लहानपणापासून कायम तिरळा आहे, त्याने ते मुळीच खेळू नयेत. त्याची दाबण्याची सवय मोडली आणि जुळवण्याची ताकद नसली, तर जन्मभराचं दोन-दोन दिसणं पदरी पडतं.

ऑपरेशन कधी? लांबचे गुण सातत्याने ३ च्या वर जाऊ लागले, जवळही डोळा सुटू लागला, किंवा खोलीची जाण मोजणारी स्टिरिओ चाचणी आधीपेक्षा घसरली, तर. लोक काय म्हणतात हेही कारण असू शकतं, ते क्षुल्लक नाही. २५ प्रिझमला साधारणपणे दोन्ही डोळ्यांचे बाहेरचे स्नायू सहा-सहा मिलिमीटर मागे बसवतात, किंवा एकाच डोळ्याचा बाहेरचा मागे बसवून आतला आखूड करतात. २०१९ च्या चाचणीत दोन्ही पद्धतींत ठोस फरक निघाला नाही, आणि तीन वर्षांनी दोन्हींत दहापैकी चारच्या आसपास मुलांचा निकाल मनासारखा नव्हता. ऑपरेशन विश्रांतीची जागा बदलतं, ताडून बघणं शिकवत नाही. म्हणून शल्यचिकित्सक बाहेर जाणारा डोळा मुद्दाम थोडा आत ठेवतात. पहिले काही दिवस मुलगी ‘दोन दिसतात’ म्हणेल. घाबरू नका. चूक झाल्याची खबर मेंदूला पुन्हा पोचू लागल्याचं ते लक्षण आहे, आणि बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत डोळे त्यावर जुळतात. त्यापुढेही राहिलं तर प्रिझम (चित्र बाजूला सरकवणारी काच) किंवा चष्मा लागतो.

तुमच्या भाच्याचा हिशेब सोपा आहे. समजा त्याचा नंबर अधिक ५ आहे. चष्म्याशिवाय लांबचं स्पष्ट करायला तो भिंग ५ डायॉप्टर फुगवतो. प्रत्येकी ४ प्रिझमने २० प्रिझमची आतली ओढ आली. बाहेर ढकलण्याची ताकद ६ ते ८. डोळा आत जाणारच. चष्म्याने धूसरपणा घालवला, भिंगाला कष्ट उरले नाहीत, ओढही गेली. स्नायूला चष्म्याने हातही लावलेला नाही.

त्यासाठी नंबर पूर्ण काढावा लागतो. लहान मुलांत ॲट्रोपिन १ टक्का मलम तीन दिवस घरी घालायला देतात. नळीतून तांदळाच्या दाण्याएवढंच, खालच्या पापणीच्या आत. चेहरा लाल होणं, तोंड कोरडं पडणं, ताप येणं, मूल सैरभैर होणं यांतलं काही दिसलं तर पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना फोन करा. या औषधाने घाम येणं कमी होतं, त्यामुळे मे महिन्यात मुलाला उन्हात सोडू नका. बाहुली दहा-बारा दिवस मोठी राहते, तोवर वाचायला त्रास होईल. चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत, खेळतानाही, मागून इलॅस्टिक बांधून. महिन्याभराने घरचे हमखास म्हणतात, ‘चष्मा काढला की आधीपेक्षा जास्त तिरळं दिसतं, चष्म्यानेच बिघडवलं.’ तसं नाही. आधी तो काही वेळ धूसरच बघून डोळा सरळ ठेवायचा. आता स्पष्ट दिसण्याची गोडी लागली, म्हणून काढल्यावर लगेच पूर्ण जोर लावतो. किनाऱ्यावरून आल्यावर काचा आधी साध्या पाण्याखाली धरा, मग पुसा. खारी वाळू कोरड्या फडक्याने पुसली की महिन्यात काच चरे पडून धूसर होते, आणि धूसर काच म्हणजे पुन्हा भिंगाचे कष्ट.

मोठ्यांतला एक प्रकार इकडे बराच आढळतो. आंबे उतरवताना फांदी लागून किंवा तसाच एका डोळ्यात मोतीबिंदू पिकतो, ‘दुसऱ्याने दिसतंय’ म्हणून माणूस वर्षानुवर्षं काढतो, आणि त्या डोळ्याला चित्रच नसल्यामुळे तो बाहेर सरकतो. मग मोतीबिंदू काढला की दिसतं स्वच्छ, पण दोन-दोन. काहींचं काही आठवड्यांत जुळतं. ज्यांचं फार वर्षं रखडलेलं असतं त्यांचं फ्युजनच गेलेलं असू शकतं, आणि मग प्रिझमने दोन्ही चित्रं एकमेकांवर आणली तरी ती एकत्र येत नाहीत. असा तिरळेपणा सरळ करण्याआधी चष्म्यावर चिकटवता येणारा फ्रेनेल प्रिझम आठवडा-दोन आठवडे लावून बघावा. त्यातून एक दिसलं तर ऑपरेशनला अर्थ आहे. दोनच राहिले तर एका काचेवर धूसर फिल्म हा जास्त प्रामाणिक उपाय.

हे सगळं हळूहळू आलेल्या तिरळेपणाबद्दल. मोठ्या माणसाला अचानक दोन दिसू लागलं, पापणी पडली, डोकं दुखून उलट्या होऊ लागल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. बाळाचे डोळे पहिले तीन-चार महिने इकडेतिकडे जाणं चालतं. त्यापुढेही जात असतील, किंवा बाहुलीत पांढरी झाक दिसत असेल, तर ‘तिरळा म्हणजे भाग्यवान’ म्हणत बसू नये. अंगणवाडीत आणि शाळेत येणाऱ्या बाल स्वास्थ्य पथकालाही ते दाखवता येतं, तिथून जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी मिळते.

मुलीला तिरळेपणाच्या तज्ज्ञाकडे मुंबईला किंवा कोल्हापूरला न्याल तेव्हा एक लक्षात ठेवा. रात्रभर एसटीत बसून सकाळी नऊला तपासलेल्या मुलीचे गुण तिच्या सगळ्यात वाईट दिवसाचे असतात, आणि मुक्काम करून झोप झालेल्या मुलीचे सगळ्यात चांगल्या दिवसाचे. मोबाइलवरचे व्हिडिओ तारखेनिशी सोबत न्या, आणि कुठल्याही एका भेटीच्या गुणांवर ऑपरेशनची तारीख घेऊ नका.